बेबी वेलकरची गाडी पुढे जाईना

बेबी वेलकरचं कागदोपत्री नाव राजलक्ष्मी. पण प्रभादेवीच्या त्यांच्या गल्लीत कुणी त्या नावानं हाक मारली असती, तर तिनं स्वतःसुद्धा वळून पाहिलं नसतं. चाळिशी उलटली तरी ती बेबीच राहिली. लहानपणी तापात तिचा डावा पाय गेला. म्हणजे पाय होता, पण त्यात जोर नव्हता. उजव्या पायावर भार टाकत, डावा ओढत ती घरभर हिंडायची, जिने चढायची, आणि कुणी हात पुढे केलाच तर "राहू दे, मला सवय आहे," म्हणायची.

तिचे वडील गोदीत बऱ्या हुद्द्यावर होते. स्वातंत्र्यानंतर एका बोट कंपनीचा साहेब चंबूगबाळं आवरून मायदेशी निघाला, तेव्हा त्याची अमेरिकन गाडी वडिलांनी विकत घेतली. गाडी प्रचंड होती, बाटलीच्या काचेसारखी हिरवी होती आणि त्यांना मुळीच परवडण्यासारखी नव्हती. घेतली ती एकाच कारणासाठी. त्या गाडीला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे, डाव्या पायाला कामच नव्हतं. लायसन्सच्या परीक्षेला आलेल्या अंमलदारानं वाकून वाकून पायाखाली पाहिलं आणि "तिसरं पेडल कुणी काढलं?" म्हणून विचारलं होतं. गल्लीतल्या लोकांनी गाडीचं नाव आगबोट ठेवलं. वडील पुढे दोन वर्षांत गेले, आगबोट राहिली.

त्या गाडीवर बेबीनं आपला उद्योग उभा केला. गिरगावात खोताच्या वाडीजवळच्या एका कापडवाल्याकडून बेतलेले परकर, पोलकी, झबली घ्यायची, गठ्ठे मागच्या सीटवर टाकायचे आणि लालबागच्या चाळींतल्या बायकांना शिवायला नेऊन द्यायचे. शिवून झाले की स्वतः एकेक टाका तपासून परत गिरगावात. गिरणीत नवऱ्याची पाळी चालू असताना घरात मशीन चालवणाऱ्या त्या बायका आठवड्यातून दोनदा तिच्या हॉर्नची वाट बघायच्या.

सत्तावन्न साल उजाडलं होतं. मराठी-गुजरातीचं द्विभाषिक राज्य डोक्यावर येऊन बसलं होतं, निवडणूक तोंडावर आली होती आणि मुंबईतली एकही भिंत कोरी राहिली नव्हती. अशा दिवसांत एका दुपारी गिरगावातून घरी परतताना ह्यूजेस रोडच्या चढावर बेबीनं ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन मोठ्यानं ओरडलं आणि गाडी होती तिथेच राहिली. पुढे तर गेली नाहीच, उलट किंचित मागे आली. मागच्या बसवाल्यानं भोंगा वाजवला. बेबीनं घाबरून पाय उचलला, पुन्हा दाबला. गाडीला एक हिसका बसला आणि ती काही झालंच नाही अशी वर चढून गेली.

हाजी अलीपर्यंत बेबीनं गाडी अगदी कडेकडेनं नेली. गाडीचा विचार तिच्या मनात आलाच नाही. तिला वाटलं, पाय. आपला उजवा पाय. इतकी वर्षं दोन्ही पायांचं ओझं वाहणारा हा पाय आता दगा द्यायला लागला असणार. आपण दाबला असं आपल्याला वाटलं, पण तो दाबला गेलाच नाही.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सकाळी न्हाणीघराचं दार लावून ती उंबऱ्याला उजवा पाय टेकवायची आणि जोर लावून बघायची. जोर होता. मग दुपारी चढावर तो कुठे जातो? सकाळी गाडी लोण्यासारखी चालायची. दुपारी, ऊन तापल्यावर, इंजिन ओरडायचं आणि चाकं ऐकायची नाहीत. म्हणजे पाय दुपारी थकतो, असा अर्थ तिनं लावला. तिनं दुपारचं झोपणं सुरू केलं, पायाला तेल चोळलं. थोरल्या भावाच्या बायकोनं, नलूवहिनीनं, एकदा विचारलं, "पाय दुखतोय का गं?" तर तिनं "नाही, कोरडा पडलाय," असं काहीतरी उत्तर दिलं.

शेवटी एका रविवारी तिचा थोरला भाऊ चिंतामणी तिच्या शेजारी बसून वरळीला निघाला. तो एका सॉलिसिटरच्या कचेरीत हेडक्लार्क होता आणि घरी त्याला सगळे भाई म्हणत. वाटेत तेच झालं. इंजिनाचा आवाज टिपेला गेला आणि गाडी रेंगाळली. 

"भाई, माझा पाय गेला रे," ती म्हणाली.

भाईनं खाली वाकून पाहिलं. "अगं, पाय पार तळाला टेकलाय तुझा. पाय कसला गेला? गाडीच घसरतेय ही."

बेबीनं गाडी कडेला घेतली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. भाईला काही उमजेना. गाडी बिघडली म्हणून आनंदानं रडणारी बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली.

पण तो आनंद आठवडाभरही टिकला नाही. पाय बिघडला असता तर निदान एकच डॉक्टर गाठायचा होता. गाडी बिघडल्यावर जो तो डॉक्टर झाला. गिरगावातला रामदास मेकॅनिक म्हणाला, "बाई, कार्बोरेटर." त्यानं कार्बोरेटर साफ केला. इंजिन पूर्वीपेक्षा गोड आवाजात ओरडायला लागलं, गाडी मात्र तशीच. वरळीच्या गॅरेजवाल्यानं गाडी बंद करून गिअरबॉक्सच्या तेलाची कांडी ओढून पाहिली आणि म्हणाला, "तेल काठोकाठ आहे, पण पातळ पाण्यासारखं. अशानं घसरणारच." त्यानं ते काढून जाडजूड काळं तेल घातलं. दुसऱ्या दिवसापासून गाडी सकाळीसुद्धा घसरू लागली. तेव्हा त्यानं हात झटकले. "हा बॉक्सच फेकून द्या. भंगारातून साधा गिअरबॉक्स आणतो, क्लच बसवतो, एक नंबर काम होईल."

"क्लच मी कशानं दाबू?" बेबीनं विचारलं.

त्यानं तिच्या पायाकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "मग ड्रायव्हर ठेवा."

घरी भाईचं म्हणणं, विकून टाक. वहिनीचं म्हणणं, गणपती हाकेच्या अंतरावर आहे, नवस बोल. शेजारच्या गुरुदत्तकाकांनी आणखी भर घातली. ते म्हणाले की दोष गाडीचा नाहीच, पेट्रोलमध्ये भेसळ आहे आणि ती केंद्र सरकार मुद्दाम मुंबईला धडा शिकवायला करतंय. भाई त्यावर म्हणाला, "दोन भाषांचं एक राज्य केलं, तेच मला अजून समजलं नाही, त्यात तुम्ही पेट्रोल कुठे घालता?" आणि मग दोघांचं गाडी सोडून भलत्याच विषयावर जुंपलं. बेबी ऐकत राहिली. ज्यानं त्यानं इतक्या खात्रीनं सांगितलं होतं, की सगळ्यांचंच खरं वाटायचं. रात्री एक पटायचं, सकाळी दुसरं.

लालबागच्या बायकांचे गठ्ठे मात्र थांबणार नव्हते. गुरुवारी ती चढ टाळत, हळूहळू, प्रत्येक सिग्नलला देव आठवत लालबागला पोचली. लक्ष्मी परबच्या चाळीसमोर गाडी उभी केली. लक्ष्मी मालवणकडची, नवरा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, तिच्या हाताखाली चाळीतल्या इतर बायका शिवायच्या. गठ्ठे उतरले, चहा झाला, शिवलेले परकर गाडीत चढले. बेबीनं इंजिन चालू केलं, स्टिअरिंगजवळचा दांडा 'ड्राइव्ह'वर ओढला, पाय दाबला.

काही नाही. आज हिसकासुद्धा नाही. इंजिन घुमत होतं आणि गाडी भिंतीसारखी उभी होती. दांडा 'लो'वर ओढून पाहिला. तेही नाही. हात चुकून पलीकडे गेला, दांडा 'रिव्हर्स'वर पडला, आणि आगबोट झटकन दोन हात मागे आली. मागे उभी असलेली लक्ष्मी ओरडली, "अगो बाय माझे! माका मारतंस काय?"

बेबीनं ब्रेक दाबला. पुन्हा 'ड्राइव्ह', काही नाही. पुन्हा 'रिव्हर्स', गाडी मागे. एकदम तयार, एकदम ताकदीनं. हे म्हणजे काय? ज्या गाडीत जीव नाही ती मागे कशी जाते? आणि मागे जाते तर पुढे जायला काय झालं?

"लक्ष्मी, ही फक्त मागे जातेय गं."

"मागे तर मागे," लक्ष्मी म्हणाली. "आमच्या चाळीतलो कुशाबा मोटारींचा काम करता, थंय परळाक, पोयबावडीक. लांब नाय. तू मागे चल, मी लोकांका बाजूक करतंय."

दुसरा काही उपाय बेबीला सुचेना. तिनं मान वळवली, उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला, डावा सीटच्या पाठीवर टाकला आणि मोठ्या रस्त्यावर गाडी उलटी घातली. मागे, म्हणजे आता पुढे, लक्ष्मी पदर खोचून हात हलवत चालली होती.

आणि नेमकी तेव्हाच परळकडून मिरवणूक आली. निवडणुकीची. शेकडो माणसं, हातात फलक, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" घोषणांनी रस्ता दणाणला होता. समोरून एक प्रचंड हिरवी गाडी पार्श्वभाग पुढे करून आपल्यावर चालून येतेय, हे पुढच्या रांगेला दिसलं आणि घोषणा मधेच थबकली. ट्रामवाला घंटा बडवायला लागला. बेबीला मागच्या काचेतून नुसती तोंडंच तोंडं दिसत होती. आता थांबलो तर पुन्हा मागे तरी जाईल की नाही, या भीतीनं तिनं गाडी थांबवली नाही.

छातीला बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक धावत खिडकीशी आला आणि गाडीबरोबर चालू लागला. "बाई, हा निषेध आहे का कसला?"

"नाही हो. गिअर आहे."

"गिअर?"

"पुढचा जात नाही."

तो मागे वळून ओरडला, "वाट द्या रे! बाईंना पुढे जायचंय, पण मागून!" गर्दीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "आता मागं हटायचं नाही बाई!" पण रांगा दुभंगल्या आणि मधून वाट झाली. त्या वाटेनं आगबोट उलटी निघाली. दोन्ही बाजूंनी घोषणा पुन्हा सुरू झाल्या. बेबीची मान अवघडली होती, कानशिलं तापली होती, आणि आपण घाबरलोय की आपल्याला मजा वाटतेय हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

कुशाबाचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं एक छप्पर आणि त्याखाली एक खड्डा. कुशाबा स्वतः पन्नाशीचा, पूर्वी गिरणीत फिटर होता. त्यानं उलटी आलेली गाडी पाहिली, काही विचारलं नाही. बॉनेट उघडलं, गाडीखाली गेला, बाहेर आला, बिडी पेटवली. बेबी वाट बघत होती. आता हा काय सांगणार? कार्बोरेटर? क्लच? भेसळ?

"मला नाय कळलं, बाई," कुशाबा म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नाय कळलं. असला बॉक्स मी लांबून एकदा बघितलाय. उघडला कधी नाय."

 इतक्या दिवसांत हे वाक्य बेबीनं पहिल्यांदाच ऐकलं. तिला एकाएकी हलकं वाटलं. जे तिला कळत नव्हतं ते आणखी एका माणसाला कळत नव्हतं, आणि तो ते सांगायला लाजत नव्हता.

"उघडाल?" तिनं विचारलं.

"उघडीन. पण परत बसल की नाय, त्याचा शब्द देत नाय."

त्या संध्याकाळी ती टॅक्सीनं घरी गेली. भाई संतापला. "ज्याला कळत नाही म्हणतो, त्याच्याच हातात गाडी दिलीस?" बेबी म्हणाली, "ज्यांना कळत होतं, त्यांनी काय केलं भाई?" भाई जेवला आणि झोपायला गेला.

मग रोज सकाळी बेबी बसनं परळला जाऊ लागली. बसच्या पायरीवर डावा पाय चढवायला हातानं उचलावा लागे, कंडक्टर घंटी मारायचा थांबे, मागची माणसं चुळबुळत. गाडी नसली तर आयुष्य कसं असेल, याची ती चव होती. लालबागच्या बायका आपापले गठ्ठे डोक्यावर घेऊन कुशाबाच्या छपराखालीच येऊ लागल्या, आणि बेबी लाकडी खोक्यावर बसून तिथेच टाके तपासायची. समोर फाटक्या चादरीवर गिअरबॉक्सची आतडी पसरलेली असायची. चकत्या, कड्या, स्प्रिंगा. कुशाबा एकेक वस्तू उचलायचा, उलटसुलट करायचा, पुन्हा ठेवायचा.

एके दिवशी त्यानं एका गोल डब्याभोवती आवळून बसणारा पट्टा बाहेर काढला. त्याचं आतलं अस्तर आरशासारखं गुळगुळीत झालं होतं.

बेबी खोक्यावरून पुढे झुकली. "हा पट्टा काय करतो?"

"या डब्याला धरतो, बहुतेक. धरला की गाडी पुढं."

"मशीनचा पट्टा गुळगुळीत झाला की चाक फिरतं आणि सुई हलत नाही. तसंच का हे?"

कुशाबानं पट्टा उजेडात धरला. "गिरणीतपण तसंच व्हायचं. शाफ्टावरचा पट्टा सुटायचा." मग डोकं खाजवलं. "पण मग मागं कशी जाते?"

"ते नाही मला ठाऊक."

"मलापण नाय. मागं जायला दुसरं काय तरी धरत असंल." दोघांनी त्या ढिगातली एकेक वस्तू पुन्हा उचलून पाहिली. ते 'दुसरं काहीतरी' म्हणजे कुठली वस्तू, हे काही त्यांना शोधता आलं नाही.

नवा पट्टा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. परदेशी माल यायचा जवळजवळ बंद झाला होता. कुशाबानं ब्रेकला अस्तर लावणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून पट्ट्याला तसलंच अस्तर लावून घेतलं. पण मूळचं पातळ तेल काही कुठे मिळेना, आणि तेच हवं, जाड नको, एवढं दोघांनाही आता पटलं होतं. बेबीनं हे घरी जेवताना सहज सांगितलं.  दोन दिवसांनी कचेरीच्या वेळात भाई परळला ट्राममधून उतरला, धोतरावर तेलाचा डाग, कडेवर मूल घ्यावं तसा एक पत्र्याचा डबा. वडिलांच्या ओळखीच्या गोदीतल्या माणसाला गाठून त्यानं तो मिळवला होता.

"हेच का ते, मला माहीत नाही," तो म्हणाला. "तो म्हणाला हेच." आणि डबा ठेवून चहासुद्धा न घेता निघून गेला.

बॉक्स जोडून झाला तेव्हा चादरीवर एक बारकी स्प्रिंग शिल्लक राहिली. कुशाबानं ती तळहातावर घेतली. बेबीनं पाहिली. लक्ष्मी परकरांचा गठ्ठा घेऊन आली होती, तिनंही पाहिली.

"ही कुठली?" बेबी म्हणाली.

"आधीपासूनच इथं पडलेली असंल," कुशाबा म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. "परत उघडू?"

बेबीनं बसची पायरी आठवली. "नको. चालवून बघू."

पट्टा किती आवळायचा तेही कुणाला ठाऊक नव्हतं. कुशाबा खालून स्क्रू फिरवायचा, बेबी रस्त्यावर एक फेरी मारून यायची. पहिल्यांदा गाडी घसरली. मग इतका आवळला की निघताना मागे बसलेल्या लक्ष्मीचं डोकं सीटच्या पाठीवर आपटलं. "अजून थोडा सैल," बेबी खिडकीतून सांगायची. "नाही, आता जास्त झाला." ऊन चढलं, इंजिन तापलं, आणि दुपारच्या त्या नेमक्या वाईट वेळी बेबीनं गाडी परळच्या पुलावर घातली. चढ सुरू झाला. तिनं पाय दाबला. आवाज चढला, एकदा अंग झटकल्यासारखा धक्का बसला, आणि गाडी वर गेली. पुलाच्या माथ्यावर तिला खाली गिरण्यांची धुरांडी दिसली. ती उतरली नाही, थांबली नाही, पलीकडे जाऊन वळली आणि पुन्हा चढली. लागोपाठ तीनदा गाडी चढली.

परत आल्यावर ती म्हणाली, "चालली."

"चालली?" कुशाबाला आश्चर्य वाटलेलं स्पष्ट दिसत होतं.

"काय केलंत तुम्ही नक्की? पट्ट्यानं झालं की तेलानं?"

"देवाला ठाऊक, बाई. दोन्हीनं असंल."

निवडणुकीचा निकाल लागला आणि संयुक्त महाराष्ट्रवाले मुंबईत जिंकले त्या दिवशी गिरगावातून लालबागपर्यंत पेढे वाटले जात होते. बेबी गठ्ठे घेऊन गर्दीतून हळूहळू जात होती, गाडी बरोबर चालली होती, आणि तरी प्रत्येक वळणावर तिचा कान इंजिनाकडे होता. रात्री जेवताना भाईनं विचारलं, "मग शेवटी झालं काय होतं त्या गाडीला?"

बेबीनं सांगायला सुरुवात केली. पट्टा, अस्तर, तेल, मागे जायला धरणारी वस्तू वेगळी आणि पुढे जायला धरणारी वेगळी. सांगता सांगता तिचं तिलाच ते पटेनासं झालं. "मला नाही समजलं रे नीट," ती म्हणाली. भाई हसला. त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच इतक्या निर्धास्तपणे उच्चारलं गेलं होतं.

आगबोट पुढे सहा वर्षं चालली. मुंबईसह महाराष्ट्र झाला, ट्राम बंद व्हायच्या गोष्टी सुरू झाल्या, लक्ष्मीच्या थोरल्या मुलीनं स्वतःचं मशीन घेतलं. निघताना गाडीला तो धक्का कायम बसायचा, नवीन माणूस दचकायचा, आणि बेबी न विचारता सांगायची, "तिची सवय आहे." वर्षातून एकदा कुशाबा खालून स्क्रू फिरवायचा, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. कुठल्या वर्षी कुठल्या बाजूला, हे त्यालाही सांगता येत नसे. पण गाडी चढ चढायची, आणि गठ्ठे वेळेवर पोचायचे.